पीजचा मनोरा

आपल्या गुजराथेत साठी उलटलेल्या कोणाही माणसासमोर ‘पीज’ हा शब्द उच्चारून पाहावा. तो बहुधा गावाविषयी बोलणार नाही. तो बोलेल गच्चीवर उभ्या केलेल्या उंच नळाविषयी, त्या नळाच्या टोकाला बांधलेल्या अँटेनाविषयी, आणि ‘आता दिसते का?’ म्हणून वरून विचारणाऱ्या थोरल्या भावाविषयी. वास्तविक पीज हे नडियादपासून थोड्याच अंतरावर, वासोच्या बाजूचे चरोतरातले एक गाव. तंबाखूची शेते, पाटीदारांची घरे, सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीकडे निघालेल्या बाया, असा आजूबाजूच्या गावांसारखाच त्याचा थाट. पण १९७५ साली तेथे दूरचित्रवाणीचा एक लहान प्रक्षेपक उभा राहिला, आणि पुढली दहा वर्षे गावाचे नाव हे एका केंद्राचे नाव होऊन बसले.

हा प्रक्षेपक एक किलोवॅट शक्तीचा होता. घरगुती मापाने सांगायचे तर कपड्यांच्या इस्त्रीला जेवढी वीज लागते तेवढीच. एवढ्या बेताच्या शक्तीवर चित्र किती लांब जाणार? दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेतच चालतात. पृथ्वीची वक्रता आडवी आली की त्या डोक्यावरून निघून जातात. म्हणून अशा केंद्राचे बळ शक्तीपेक्षा मनोऱ्याच्या उंचीत असते, आणि जमीन सपाट असेल तर त्या उंचीचा पुरेपूर उपयोग होतो. चरोतर म्हणजे तर तळहातासारखा सपाट प्रदेश. त्यामुळे पीजच्या भोवती तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर्तुळात साध्या अँटेनावर स्वच्छ चित्र येई. त्यापलीकडे ज्याची गच्ची उंच, त्याचे नशीब थोर.

हे सारे तेथे का आले, याची हकीकत थोडी मागून सांगायला हवी. हिंदुस्थानात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, तोही अशाच एका लहान प्रक्षेपकावर. आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ. पुढे तेरा वर्षे दिल्लीबाहेर दुसरे केंद्र नव्हते. मुंबईचे केंद्र निघाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे क्रम ठरलेला: आधी राजधानी, मग मोठी शहरे, आणि उरलेच तर खेडी. हा क्रम उलटा असावा असे आग्रहाने सांगणारा माणूस अहमदाबादेत होता, डॉ. विक्रम साराभाई. दूरचित्रवाणीची खरी गरज जेथे शाळा दूर, डॉक्टर दूर, वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी येते तेथे आहे, आणि तेथे पोचण्याचा जवळचा मार्ग आकाशातून, उपग्रहावरून जातो, असे त्यांचे म्हणणे. १९६९ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या नासा या संस्थेशी तसा करार झाला. प्रत्यक्ष प्रयोग पाहणे मात्र साराभाईंच्या नशिबी नव्हते. १९७१ च्या डिसेंबरात ते गेले.

करारातला प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला आणि बरोबर एक वर्ष चालला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला वापरायला मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून चित्र उतरले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री प्रत्येक गावात उभी केली होती. (‘उपग्रहावरून दळणवळण’ ही कल्पना १९४५ सालीच मांडणारे लेखक आर्थर क्लार्क कोलंबोस राहात. त्यांच्या घरीही आपल्या इंजिनिअरांनी अशी छत्री व संच बसवून दिला होता. कल्पनेच्या जनकाला तिचे फळ हिंदुस्थानाने चाखवावे, ही गोष्ट मला फार गोड वाटते.) या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस. ते मूळचे कोल्हापूरचे आणि साराभाईंचे जुने सहकारी. केरळातली थुंबा ही जागा अग्निबाणांसाठी हेरण्यातही त्यांचा वाटा होता.

त्या सहा राज्यांत गुजराथ नव्हते. पण अहमदाबादेतच बसून सारा प्रयोग चालवणाऱ्यांना आपल्या अंगणात आणखी एक गोष्ट पारखून पाहायची होती. उपग्रह एकाच वेळी हजारो गावांशी बोलतो खरा. पण हजारो गावांशी बोलायचे तर सर्वांना चालेल असे बोलावे लागते. याउलट एखादा लहान प्रक्षेपक चारशे गावांशीच बोलला, तर तो त्या गावांच्या बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर बोलू शकेल काय? पीजचा मनोरा या प्रश्नासाठी उभा राहिला. चित्रगृह अहमदाबादेत अंतराळ उपयोग केंद्रात. तेथून सूक्ष्मलहरींच्या दुव्याने चित्र पीजला यायचे आणि पीजहून ते गावोगाव जायचे. चारशेहून अधिक गावांत मिळून सहाशेच्या वर सार्वजनिक संच बसवले गेले. कुठे दूध मंडळीच्या ओट्यावर, कुठे पंचायतीत, कुठे शाळेत. दहा फुटी छत्रीची गरज नव्हती, साधी अँटेना पुरे होई. ‘साइट’चे वर्ष संपताच उपग्रह परत गेला आणि सहा राज्यांतली बहुतेक खेडी पुन्हा अंधारात गेली, पीज मात्र चालूच राहिले. याच्याइतका मोठा युक्तिवाद लहान केंद्राच्या बाजूने दुसरा नाही.

आता आम्हा बडोदेकरांचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. आज ज्याला आपण खेडा आणि आणंद हे जिल्हे म्हणतो, त्यात संस्थानी अमदानीत इंग्रजी मुलूख आणि गायकवाडांचा पेटलाद महाल यांची गावे गोधडीच्या ठिगळांसारखी एकमेकांत शिवलेली होती. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ती शिवण उसवली. माझे आजोबा काही वर्षे पेटलादेस वहिवाटदार होते आणि माझ्या वडिलांचे बाळपण तेथेच गेले. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येई, ती पुस्तकांच्या लाकडी पेटीची. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणले आणि संस्थानभर ग्रंथालये काढली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ज्या गावाला ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या पेट्या जात, आणि ग्रंथालय खात्याचीच एक शाखा मॅजिक लँटर्न व चलच्चित्रपटाचे यंत्र घेऊन खेड्यापाड्यांतून फुकट खेळ दाखवी, हे आज फारसे कोणी सांगत नाही. जे वाचू शकत नाहीत त्यांनी निदान पाहावे, असा त्यामागचा हेतू. त्या ग्रंथालय चळवळीतले मोतीभाई अमीन हे वासोचे, म्हणजे पीजच्या अगदी शेजारचे. पीजच्या मंडळींनी ही परंपरा जाणून घेतली होती की नाही ते अलाहिदा. जमीन नांगरलेली होती एवढे खरे.

नांगरणी दुसऱ्याही एका अर्थाने झाली होती. १९४६ पासून खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ वाढत आला होता. त्रिभुवनदास पटेलांची खटपट आणि वर्गीस कुरियन यांचे व्यवस्थापन यांतून ‘अमूल’ उभे राहिले. त्यामुळे गावागावात मंडळी, मंडळीचे मकान, रोज दोनदा तेथे येणारी माणसे आणि हिशेबाची सवय तयार होती. दूरचित्रवाणी संचाला घर आणि प्रेक्षक दोन्ही आयते मिळाले. त्याच सुमारास, १९७६ साली, श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला आणि पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. मुलूख एकच, विषयही शेजारचे. फरक असा, की ‘मंथन’ साऱ्या देशाने पाहिला, आणि पीजचे कार्यक्रम ज्यांच्याविषयी होते त्यांनीच पाहिले.

हे कार्यक्रम कसले? शेती, जनावरांचे रोग, बालसंगोपन, आरोग्य, हे तर होतेच. ते दिल्लीकडेही असे. पीजचे वैशिष्ट्य त्याच्या मालिकांत होते. ‘चतुर मोटा’ आणि ‘डाहीमा’ ही नावे त्या भागातली जुनी माणसे अजून घेतात. ‘डाही’ म्हणजे गुजराथीत शहाणी. गावातली एखादी पोक्त बाई जशी दहा घरचे गाऱ्हाणे ऐकते आणि वेळेला चार शब्द सुनावते, तशी ही व्यक्तिरेखा. हुंडा, विधवेची स्थिती, जातीचा ताठा, लग्नातली उधळपट्टी, असले विषय लोकनाट्याच्या बाजाने आणि चरोतरी बोलीत मांडलेले असत. कुटुंबनियोजनावरच्या एका मालिकेचे नाव होते ‘हुं ने मारा ए’. आपल्याकडच्या बायकांना याचे भाषांतर सांगायला नको. ‘मी आणि आमचे हे’! नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायकोच्या तोंडचे दोन शब्द उचलून सरकारी विषयावर ठेवले, आणि सरकारी वास निघून गेला. दिल्लीच्या कचेरीत बसून असले नाव सुचणे शक्य नव्हते.

यामागे मेहनत होती. निर्मात्यांबरोबर समाजशास्त्राची माणसे नेमलेली असत. ती गावात जाऊन राहात, कोणते प्रश्न खरोखर टोचतात ते विचारीत, तयार झालेला कार्यक्रम आधी थोड्या लोकांना दाखवून पाहात, आणि कुठे प्रेक्षक चुळबुळतो, कुठे हसायच्या जागी गप्प बसतो ते टिपून घेत. खांद्यावर वाहून नेता येणारी चित्रमुद्रणाची यंत्रे नुकतीच आली होती. त्यामुळे खेड्यातली माणसे चित्रगृहात आणून दिव्यांखाली घाबरवण्याऐवजी चित्रगृहच खेड्यात नेता आले. गावकरीच पुष्कळदा नटही होत. जाहिरात नव्हती, म्हणून विकत घेणाऱ्याची मर्जी राखायचे कारण नव्हते. मजुरांना मिळणारी रोजी आणि कायद्याने ठरलेली रोजी यांतली तफावतसुद्धा पडद्यावर येऊ शकली, आणि तीही जमीनदारांच्या जिल्ह्यात, त्यांच्याच पंचायतीच्या ओट्यावर ठेवलेल्या संचावर. आज कित्येक वाहिन्या रात्रंदिवस चालतात. यातले किती त्यांना साधेल?

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पीज पहिल्यांदा आले ते बहुधा १९७८ साली. बडोदे तेथून पन्नासहून अधिक किलोमीटर, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर. शेजारच्या वाड्यातले एक गृहस्थ अशा खटपटींत पटाईत होते. त्यांनी आमच्या गच्चीवर पाण्याचे दोन नळ एकावर एक जोडून त्यावर अँटेना चढवली. चित्र येई ते भुरभुर पडणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांतून. उन्हाळ्यातल्या काही रात्री मात्र अचानक असे स्वच्छ होई, की सारा वाडा ओसरीवर गोळा व्हायचा. ओल्या उष्ण हवेच्या थरांतून या लहरी कधीकधी वाकून लांब येतात, हे मला नंतर कळले. त्या वेळी आम्ही त्याचे श्रेय नळांना देत असू. एका रात्री ‘डाहीमा’ चालू असता वडील एकदम म्हणाले, “अरे, ही तर आपल्या पेटलादच्या शेजारणीसारखी बोलते!” पस्तीस-चाळीस वर्षांनी ती बोली त्यांच्या कानी पडली होती. आईला गुजराथी उत्तम येई, पण चरोतरी नव्हे. वडील तिला एकेक शब्दाचा अर्थ मराठीत सांगत होते आणि गोष्ट पुढे निघून जात होती. शेवटी ती म्हणाली, “अहो, समजते मला. सासू कुठल्याही गावची असो, रागावते सारखीच.”

पीजची स्तुती करताना दोन गोष्टी विसरू नयेत. खेडा हा गुजराथेतला सधन, सुपीक जिल्हा. सहकार रुजलेला, अहमदाबाद हाकेच्या अंतरावर. हाच प्रयोग डांगात किंवा पंचमहालाच्या डोंगरात केला असता तर तो असाच यशस्वी झाला असता, असे मला वाटत नाही. तेथे लहरींनाही डोंगर आडवे येतात आणि माणसांनाही. दुसरे असे, की गावाच्या प्रश्नावर गावाच्या बोलीत बोलणारे हे केंद्र अखेर चालवीत होती अहमदाबादेतली सुशिक्षित मंडळी. ती कळकळीची होती, हुशार होती. पण काय दाखवायचे याचा शेवटचा शब्द त्यांचाच, आणि मनोऱ्याची किल्ली सरकारची. गावाला संच मिळाला, नट म्हणून जागा मिळाली, किल्ली मिळाली नाही. हा फरक १९८५ साली कळून आला.

त्याआधी काळ पालटला होता. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली. १९८४ साली सरकारने देशभर लहान प्रक्षेपक उभारायचा सपाटा लावला. काही महिने तर रोज सरासरी एक केंद्र सुरू होत होते. हे प्रक्षेपक बहुतेक शंभर वॅटचे, म्हणजे पीजच्या दहाव्या हिश्शाचे. पण पीजमध्ये आणि त्यांच्यात खरा फरक शक्तीचा नव्हताच. त्यांच्या मागे चित्रगृह नव्हते, लेखक नव्हते, गावात राहणारा संशोधक नव्हता. उपग्रहावरून दिल्लीचे चित्र घ्यायचे आणि जसेच्या तसे गावावर सोडायचे, एवढेच त्यांचे काम. तालुक्याच्या गावी मनोरा आला म्हणून पेढे वाटले गेले. त्या मनोऱ्यावरून त्या तालुक्याविषयी एक वाक्यही कधी उच्चारले जाणार नव्हते, हे पेढे खाताना कोणाच्या ध्यानी आले नाही. त्याच वर्षीच्या जुलैत ‘हम लोग’ सुरू झाली. मालिकेतून समाजशिक्षण देण्याची कल्पना तीत होतीच, पण जोडीला जाहिरातदार आला होता आणि भाषा साऱ्या देशाला चालेल अशी झाली होती.

अहमदाबादेस मोठ्या शक्तीचा प्रक्षेपक आला तेव्हा खेड्याला तेथूनच चित्र मिळेल, मग पीज हवे कशाला, असा सरळ हिशेब मांडला गेला. १९८५ साली पीजचे प्रक्षेपण थांबले. यंत्र मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी न्यायचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. एरवी खेड्यातून सरकारी यंत्र हलवले तर कोणी फारसे विचारीत नाही. येथे लोक आडवे आले, ही साधी गोष्ट नव्हे. ग्रामीण संज्ञापनाच्या उत्तम कामाबद्दल युनेस्कोचे पारितोषिक खेडा प्रकल्पाला याच सुमारास मिळाले. जगाने पाठ थोपटली आणि घरच्यांनी दिवा मालवला, तेही जवळजवळ एकाच वेळी. त्यानंतर काही वर्षे खेड्यासाठीचे कार्यक्रम अहमदाबादच्या प्रक्षेपकावरून दाखवले गेले. पण मोठ्या प्रक्षेपकाला शहरही सांभाळायचे होते, साऱ्या मध्य गुजराथची मर्जी राखायची होती. दशक संपता संपता तेही आटोपले.

मला या साऱ्यात एक विचार राहून राहून येतो, आणि तो आपल्या घरचा आहे. बडोद्यातले मराठी दोनशेहून अधिक वर्षांचे आहे. त्यात ‘वहिवाटदार’ आहे, ‘खानगी’ आहे, आणि गुजराथीतून आलेले कितीतरी शब्द असे मिसळले आहेत, की पुण्याचा पाहुणा हसतो आणि आपण का हसला म्हणून विचारतो. ते मराठी आपण मुंबईच्या दूरचित्रवाणीवर कधी ऐकले नाही; ऐकायला मिळणारही नव्हते. मुंबई मुंबईचे बोलणार, अहमदाबाद शुद्ध गुजराथीत बोलणार. आपल्या बोलीला जागा मिळाली असती तर ती अशाच एखाद्या लहान मनोऱ्यावर, ज्याला दहा-वीस किलोमीटरपलीकडे कोणाला खूश करायचे नसते. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथल्या आपल्या मंडळींचीही तीच गत. १९८४ साली गावोगाव मनोरे उभे राहिले तेव्हा मागणी झाली ती चित्र स्वच्छ यावे याची. त्यात आपला शब्द यावा असे कोणी मागितले नाही. चरोतराला दहा वर्षे का होईना, तो मिळाला होता. म्हणून तर तेथले लोक यंत्रापुढे आडवे झाले.

खेड्याचा धडा अगदीच वाया गेला असेही नाही. अहमदाबादच्या त्याच केंद्राच्या लोकांनी १९९६ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात, इंदुराच्या पलीकडच्या भिल्ल मुलखात, दीडशे गावांत उपग्रहावरून असे काम उभे केले. तेथे तालुक्याच्या ठिकाणाहून लोकांना उलट प्रश्न विचारण्याचीही सोय होती, जी पीजला कधीच नव्हती. चिटणीस १९८१ पासून १९८५ पर्यंत अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते, म्हणजे पीजचा अखेरचा काळ त्यांच्याच अमदानीतला. निवृत्तीनंतर ते पुण्यास राहिले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात, वयाची शंभरी पुरी करून, तेथेच वारले. त्यांच्यावर आलेले मृत्युलेख मी वाचले. थुंबा होते, उपग्रह होते, ‘साइट’ होते. पीजचे नाव एखाद्या ओळीतही आढळले नाही.

१९८४ च्या लाटेतले ते शंभर-शंभर वॅटचे मनोरेही आता मुके आहेत. डिश आणि केबल घरोघर आल्यावर त्यांच्याकडे अँटेना वळवणारे कोणी उरले नाही, आणि प्रसार भारतीने २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत, सरहद्दीसारखी थोडी ठिकाणे सोडून, देशभरातले जुन्या पद्धतीचे जमिनीवरचे प्रक्षेपण बंद केले. आमच्या गच्चीवरचे दोन नळ त्याच्या पुष्कळ आधी काढले होते. त्यांपैकी एक सध्या तुळशीच्या मांडवाला लावलेला आहे.